बीड जिल्ह्यातील तासिका तत्त्वावरील इतिहास-अध्यापक

तासिका तत्त्वावरील अध्यापक (प्रचलित संक्षेप : सीएचबी) म्हणजे महाविद्यालयातील रिक्त पदाच्या कार्यभारावर एका शैक्षणिक वर्षापुरता नेमला जाणारा व घेतलेल्या तासांच्या हिशेबाने मानधन मिळवणारा अध्यापक होय. ही पद्धत महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत सर्वत्र आढळते. या लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात इतिहास विषयाच्या अशा नेमणुकीची प्रक्रिया, तिचे नियम आणि विषयाच्या अभ्यासावर होणारे परिणाम यांची माहिती दिली आहे.

== पार्श्वभूमी ==
बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी मराठवाड्यातील उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेड येथे स्वतंत्र विद्यापीठ निघाले, तरी बीड जिल्हा मूळ विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात राहिला. बीडचे बलभीम महाविद्यालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय आणि परळी वैजनाथचे वैद्यनाथ महाविद्यालय ही या विद्यापीठाशी संलग्न असलेली जिल्ह्यातील जुनी महाविद्यालये होत.

निवृत्तीमुळे रिकामी होणारी पदे त्याच गतीने भरली न गेल्याने राज्यात तासिका तत्त्वावरील नेमणुका वाढल्या. राज्य शासनाने २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता दिली होती. त्यांपैकी भरली न गेलेल्या २,०८८ पदांना २०२१ मध्ये पुन्हा मान्यता देण्यात आली.

== पात्रता ==
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संबंधित विषयात किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट अथवा सेट परीक्षेतील उत्तीर्णता आवश्यक असते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेयर) व दिव्यांग उमेदवारांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. आयोगाच्या विहित नियमांनुसार पीएच.डी. मिळवलेल्या उमेदवारांना नेट-सेटमधून सूट देण्याची तरतूद या विनियमांत आहे. महाराष्ट्र व गोवा राज्यांसाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

कंत्राटी अध्यापकासाठी वेगळी, कमी पात्रता विनियमांत नाही. शैक्षणिक अर्हता व निवडपद्धती नियमित अध्यापकाप्रमाणेच असावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

== निवडप्रक्रिया ==
नेमणुकीचा आरंभ कार्यभाराच्या गणनेपासून होतो. सहायक प्राध्यापकाकडे आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित असते. विद्यार्थिसंख्या, तुकड्या व अभ्यासपत्रिका यांवरून विषयाचे एकूण तास काढले जातात आणि नियमित अध्यापकांना देऊन उरलेले तास तासिका तत्त्वाकडे जातात. एका रिक्त पदाचा कार्यभार पुष्कळदा एकापेक्षा अधिक अध्यापकांत विभागला जातो.

त्यानंतर जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता आणि नियुक्तिपत्र असे टप्पे येतात. अनुदानित पदांवरील मानधनाची देयके विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाकडे जातात. वर्ष संपताच नेमणूक संपुष्टात येते व पुढील वर्षी त्याच उमेदवाराला पुन्हा मुलाखत द्यावी लागू शकते.

== मानधन व सेवेची गणना ==
आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार कंत्राटी नेमणूक अगदी आवश्यक असेल तेव्हाच करावी, तिची संख्या एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावी आणि वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक एकूण वेतनापेक्षा कमी नसावे. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे.

तासिका तत्त्वावर मात्र मानधन घेतलेल्या तासांवर अवलंबून असते व त्याचे दर राज्य शासन ठरवते. तास न झाल्यास, म्हणजे सुट्ट्यांच्या वा परीक्षांच्या काळात, उत्पन्न घटते किंवा थांबते.

याचा दूरगामी परिणाम सेवागणनेवर होतो. पदोन्नतीसाठी पूर्वीची कंत्राटी सेवा धरायची तर त्या सेवेत नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनाइतके वेतन मिळालेले असावे, अशी अट आहे. तासिका तत्त्वावरील मानधन त्या पातळीचे नसल्याने अनेक वर्षांचे अध्यापनही या अटीत बसत नाही. महाविद्यालयीन मुलाखतीसाठीच्या प्राथमिक निवडीत अध्यापनानुभवाला दरवर्षी २ याप्रमाणे कमाल १० गुण ठेवले आहेत. वर्षाहून कमी अनुभवाचे गुण त्या प्रमाणात कमी होतात. त्यामुळे नियुक्तीच्या व कार्यमुक्तीच्या नेमक्या तारखा नोंदवलेले अनुभव प्रमाणपत्र महत्त्वाचे ठरते.

== इतिहासाच्या अभ्यासावरील परिणाम ==
बीड जिल्ह्यात इतिहासाची साधने विपुल आहेत. अंबाजोगाई येथे यादवकालीन शिलालेख आहेत. धारूरचा किल्ला व बीडची खजाना विहीर मध्ययुगीन दख्खनच्या अभ्यासाला उपयोगी आहेत. १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशवे व निजाम यांच्यात झालेल्या लढाईचे राक्षसभुवन गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी आहे. कागदपत्रे मोडी, फारसी व उर्दूत आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्राम पाहिलेली पिढी आता फारच थोडी उरली आहे. हंगामी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कामगारांचा इतिहासही मुख्यतः मौखिक आठवणींतूनच उभा करावा लागतो.

अशा कामाला लिपीचे ज्ञान, गावोगावचा परिचय आणि काही वर्षांचे सातत्य लागते. वर्षभराच्या नेमणुकीत हे सातत्य राखणे कठीण असते. विद्यार्थ्यांच्या क्षेत्रप्रकल्पांचे मार्गदर्शक बदलतात व गोळा झालेल्या नोंदी पुढच्या तुकडीपर्यंत पोहोचतीलच असे नाही. शिवाय, आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चे मार्गदर्शक कायमस्वरूपी अध्यापकच असू शकतात. त्यामुळे नियमित अध्यापक नसलेल्या विभागात संशोधन केंद्र चालवता येत नाही.

== न्यायालयीन निर्णय ==
'कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी' (२००६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटी वा तात्पुरत्या सेवेमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे ठरवले. 'पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग' (२०१६) या खटल्यात मात्र समान काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना नियमित वेतनश्रेणीतील किमान वेतन देय असल्याचे म्हटले. पहिला निर्णय नेमणुकीच्या स्थैर्याविषयी, तर दुसरा मोबदल्याविषयी आहे. या अध्यापकांच्या मागण्यांतही हे दोन प्रश्न वेगवेगळे असतात.