प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मावशीची भिशी

२०२४ च्या मे महिन्यात मी बेळगावहून बडोद्याला मावशीकडे गेलो होतो. माझा मावसभाऊ तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठात अभियांत्रिकी शिकतो. दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली आहे. त्याच आठवड्यात भिशीत मावशीचा नंबर लागला होता आणि त्यातले ५५,००० रुपये तिने त्याच्या संगणकासाठी बाजूला काढले होते. "अभ्यासही होऊ दे आणि खेळही होऊ दे, पण एकदाच घ्या आणि नीट घ्या," एवढीच तिची अट होती.

भावाने मला लगेच एका दुकानात नेले. तिथे काचेच्या पेटीत रंगीत दिवे लुकलुकत होते आणि वर पाटी होती, 'आय-सेव्हन गेमिंग'. किंमत ठरलेल्या रकमेच्या निम्मीसुद्धा नव्हती. "दादा, आय-सेव्हन म्हणजे आय-थ्रीपेक्षा मोठाच ना? उरलेले पैसे आईला परत देता येतील," तो म्हणाला. विचार चांगला होता, हिशेब मात्र चुकीचा होता. तो का चुकीचा, हे सांगण्यासाठीच हा लेख.

त्या पेटीतला प्रोसेसर होता इंटेल कोअर आय-सेव्हन ३७७०. तो २०१२ साली बाजारात आला. त्याच्याशेजारी २०२२ सालचा कोअर आय-थ्री १२१००एफ ठेवून पाहा. दोन्हींत कोअर ४ आणि थ्रेड ८. जुन्याचा कमाल वेग ३.९ गिगाहर्ट्झ, नव्याचा ४.३ गिगाहर्ट्झ. म्हणजे कागदावर फरक सुमारे दहा टक्क्यांचा. प्रत्यक्षात मात्र नवा आय-थ्री जुन्या आय-सेव्हनला कितीतरी मागे टाकतो. याचे कारण असे की गिगाहर्ट्झ हे फक्त घड्याळाचे ठोके आहेत, आणि एका ठोक्यात किती काम उरकते हे पिढीगणिक वाढत गेले आहे. शिवाय नव्या प्रोसेसरची स्वतःची कॅश ८ ऐवजी १२ मेगाबाइट आहे आणि जुना डीडीआर-३ रॅमवर अडकलेला आहे. विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही तो बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा पहिला धडा हा की ३, ५, ७ हे आकडे एका पिढीतल्या भावंडांची उतरंड सांगतात. आजोबा आणि नातू यांची तुलना त्यांवरून करता येत नाही.

आता खेळात प्रोसेसर नेमके काय करतो ते पाहू. पडद्यावरचे चलचित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिरचित्रे. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवी असतील तर जेमतेम ७. तेवढ्या वेळात प्रोसेसर शत्रू कुठे सरकला, गोळी कुठे लागली, भिंत कुठे आहे याचा हिशेब करतो आणि काय काढायचे त्याची यादी ग्राफिक्स कार्डाला देतो. चित्र रंगवते ते कार्ड. दोघांपैकी जो हळू, त्याच्या वेगाने खेळ चालतो. म्हणून महाग प्रोसेसर घेऊन कार्डावर काटकसर करणे, किंवा याच्या उलट करणे, हे दोन्ही पैसे वाया घालवणेच आहे. थोड्या पैशांत खेळाचा संगणक बांधायचा असेल तर सर्वांत मोठी एकच रक्कम ग्राफिक्स कार्डावर जावी, आणि प्रोसेसर त्या कार्डाला ताटकळत न ठेवणारा असावा, याहून मोठा नको.

मदरबोर्डाकडे बहुतेकांचे लक्षच नसते. "तो काय, सगळे भाग जोडायची पाटी!" असे भाऊही म्हणाला. मी त्याला त्याच्याच शहराचे उदाहरण दिले. सयाजीरावांनी आजव्याला सरोवर बांधले आणि १८९० च्या दशकापासून बडोद्याला तिथून नळाने पाणी येऊ लागले. सरोवर कितीही भरलेले असो, घरात येणारी नळी अर्ध्या इंचाची असेल तर बादली तिच्याच वेगाने भरणार. मदरबोर्ड म्हणजे या नळ्यांचे जाळे आहे.

एक खरे उदाहरण घ्या. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ सालचे स्वस्त ग्राफिक्स कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या फक्त चार मार्गिका वापरते. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या चार मार्गिकांतून सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट माहिती जाते. ए-५२० सारखा स्वस्त बोर्ड तिसऱ्या पिढीचा असतो. त्यावर हीच क्षमता निम्म्यावर, म्हणजे सुमारे ४ गिगाबाइटवर येते, आणि कार्डाची स्वतःची ४ गिगाबाइट स्मृती भरली की खेळ अडखळू लागतो. स्वस्त कार्ड नेमके स्वस्त बोर्डावरच जास्त मार खाते. बी-५५० बोर्डावर, साध्या रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरबरोबर, चौथी पिढी मिळते. मात्र ५६००जी हा अंगचेच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर लावला तर तिथेही तिसरीच पिढी मिळते. म्हणून बोर्ड आणि प्रोसेसर यांची निवड जोडीनेच करावी लागते.

रॅमचेही तसेच. ३२०० वेगाच्या डीडीआर-४ ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट देते. दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर दोन मार्ग उघडतात आणि ५१.२ मिळतात. त्यामुळे १६ गिगाबाइटची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात. स्वतंत्र कार्ड न घेता प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर खेळायचे असेल तर हा नियम अजिबात मोडू नये, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर जगते.

पुढचा प्रश्न सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिचा. एएमडीचे रायझन प्रोसेसर २०१७ साली एएम-४ सॉकेटवर आले, आणि २०२४ सालीही त्याच सॉकेटसाठी ५७००एक्स३डी हा नवा प्रोसेसर निघाला. इंटेलच्या एलजीए १७०० वर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या अशा तीन पिढ्या बसल्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने सॉकेट बदलले. २०२२ साली आलेले एएम-५ सॉकेट पुढच्या वाटचालीसाठी चांगले, पण त्याला डीडीआर-५ रॅमच लागते. यात एक खाचखळगा आहे. बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असेल तर बोर्डातील बायोस अद्ययावत केल्याशिवाय पडदा काळाच राहतो. २०१८ चा बी-४५० आणि नोव्हेंबर २०२० पासूनचे रायझन ५००० यांची जोडी लावताना बायोसची आवृत्ती दुकानातच विचारून घ्यावी.

शेवटचा मुद्दा उन्हाचा. बेळगावच्या हवेत वाढलेल्या मला तो बडोद्यात पटला. मे महिन्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि गच्चीखालची खोली तर भट्टीच होते. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक कामाने चढलेले अंश. खोली दहा अंशांनी तापली की तोही जवळजवळ तितकाच तापतो. रायझन ५ ५६०० साठी मर्यादा ९० अंशांची आहे. तिथे पोहोचला की तो आपला वेग स्वतःच कमी करतो. आणि हा भार एकट्या प्रोसेसरवर नसतो. ६५ वॅटचा प्रोसेसर सव्वा व्होल्टच्या आसपास चालतो, म्हणजे सुमारे ५० अँपिअर प्रवाह झाला. घरच्या एअर कंडिशनरलाही इतके अँपिअर लागत नाहीत! १२ व्होल्टचे सव्वा व्होल्ट करण्याचे काम मदरबोर्डावरचे छोटे घटक करतात. अगदी स्वस्त बोर्डात ते संख्येने कमी आणि उघडे असतात, चांगल्या बोर्डात त्यांवर धातूचे पंख बसवलेले असतात. बडोद्यासारख्या शहरात या पंखांचे मोल रंगीत दिव्यांपेक्षा अधिक.

हे सारे कागदावर मांडून आम्ही रायझन ५ ५६००, धातूचे पंख असलेला बी-५५० बोर्ड, ८ च्या दोन पट्ट्या आणि ८ गिगाबाइट स्मृतीचे मध्यम ग्राफिक्स कार्ड घेतले. भावाला प्रोग्रॅमिंगही करायचे असल्यामुळे ४ ऐवजी ६ कोअर बरे वाटले. पेटी साधी, पण पुढून जाळीची घेतली. पडदा घरात होताच. दोघांनी मिळून रात्री जोडणी केली. मावशी चहा घेऊन वर आली, सगळीकडून पाहिले आणि म्हणाली, "एवढे पैसे घातलेत, मग दुकानातल्यासारखे दिवे कुठे आहेत रे?"

त्यानंतर बाजार बदलला. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले, त्यामुळे घरात डीडीआर-४ च्या चांगल्या पट्ट्या असतील तर त्या चालणारा बोर्ड घेण्यात आता अधिक शहाणपण आहे. भाव आणि मॉडेलांची नावे अशीच बदलत राहतील. विचारायचे प्रश्न मात्र तेच आहेत. प्रोसेसर कोणत्या सालचा? तो माझ्या कार्डाला ताटकळत ठेवील का? बोर्डाची नळी कार्डाला पुरेल का? या सॉकेटवर उद्या काय बसेल? आणि माझ्या खोलीतल्या उन्हाळ्यात तो टिकेल का? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून कुणाच्या भिशीच्या पैशांना हात लावू नये.