डांबर : एक शब्द, दोन पदार्थ

मराठीत ‘डांबर’ हा शब्द दोन भिन्न पदार्थांसाठी रूढ आहे. रस्त्यावर आज सामान्यतः वापरले जाते ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारे बिटुमेन होय. कोळशाचे डांबर, म्हणजेच कोलटार, मात्र दगडी कोळसा हवाबंद भट्टीत सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापवून कोक तयार करताना मिळते. नॅफ्थॅलीन हा त्याचाच महत्त्वाचा घटक. ‘डांबरगोळी’ या नावात ते नाते टिकून आहे. म्हणूनच रस्त्याच्या कामावरील पिंपातून नमुना आणून ऊर्ध्वपातन केल्यास विद्यार्थ्याच्या हाती नॅफ्थॅलीन लागत नाही. त्वचाविकारावर तो नमुना लावणे तर सर्वथा अयोग्य.

सोरायसिससाठी औषधी मानकांनुसार तयार केलेले कोलटारच वापरतात. १९२५ मध्ये अमेरिकेत गोकरमन यांनी कोलटार व अतिनील किरणे यांचा संयुक्त उपचार मांडला. त्यापूर्वीच, १९१५ मध्ये, जपानमध्ये यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांना दीर्घकाळ कोलटार लावून कर्करोग उत्पन्न केल्याचे दाखविले होते. अर्थात, औषधाची मर्यादित मात्रा आणि कारखान्यातील वर्षानुवर्षांचा संपर्क एकाच मापाने मोजता येत नाहीत. तरीही प्रयोगशाळेत हे द्रव्य हातमोजे घालून, फ्यूम हूडखालीच हाताळावे. आणि रुग्णाने ते वैद्यकीय सल्ल्यानेच लावून ती त्वचा उन्हापासून जपावी.