आवाज मोठा, नेम मात्र चुकलेला

दूरचित्रवाणीच्या दृष्टीने नेमबाजी हा तसा गैरसोयीचा विषय. क्रिकेटमध्ये चेंडू दिसतो, कुस्तीत डाव दिसतो. नेमबाजीत मात्र एक माणूस निश्चल उभा राहतो, बार होतो आणि दूरवरच्या कागदाला छिद्र पडते. श्वास कुठे रोखला, चापावरचा दाब किती सावकाश वाढवला, वाऱ्याचा अंदाज किती धरला, हे सारे बार होण्यापूर्वीच घडून गेलेले असते आणि कॅमेऱ्याला ते सहजी टिपता येत नाही. अमेरिकी वाहिन्यांनी बंदुका व नेमबाजी या विषयावर गेल्या पंचवीस वर्षांत कितीतरी कार्यक्रम आणले. हा न दिसणारा भाग दाखवण्याची खटपट कोणी केली आणि नुसता दणदणाट कोणी केला, यावरून त्यांची प्रत ठरवता येते.

खटपट करणाऱ्यांत ‘टॉप शॉट’चे नाव आधी घ्यावे लागेल. ‘हिस्टरी’ वाहिनीवर २०१० ते २०१३ या काळात त्याची पाच पर्वे झाली. विजेत्याला एक लाख डॉलर मिळत. जुन्या लष्करी रायफली, पिस्तुले, धनुष्यबाण, गलोल, फेकायचे चाकू असे दर वेळी वेगळे शस्त्र स्पर्धकांच्या हाती पडे. मंदगतीच्या चित्रणामुळे गोळी चुकली की का चुकली, हेही प्रेक्षकाला कळे. सूत्रसंचालक कोल्बी डोनाल्डसन स्वतः ‘सर्व्हायव्हर’मधून पुढे आलेले, त्यामुळे एका घरातले वास्तव्य, रुसवेफुगवे आणि गटबाजी हा मसाला इथेही होताच. सहकाऱ्याला बाद करण्यासाठी त्याच्या नावाच्या लक्ष्यावर गोळी झाडून मत नोंदवायचे, ही कल्पना तर काहीशी अभिरुचिहीनच. तरीही अखेर निकाल लागे तो नेमावर. २०१२च्या चौथ्या पर्वात गूगलमधील नोकरदार ख्रिस चेंग मुरलेल्या स्पर्धकांना मागे टाकून जिंकला, आणि तो स्वतःच्या सरावातून शिकलेला हौशी नेमबाज होता.

‘मिथबस्टर्स’ हा काही केवळ बंदुकांचा कार्यक्रम नव्हता. पण बंदुकीविषयीचे गैरसमज दूर करण्यात त्याने विषयाला वाहिलेल्या अनेक कार्यक्रमांना मागे टाकले. २००५ मध्ये त्यांनी पाण्यात गोळ्या झाडून पाहिल्या. शक्तिशाली रायफलीची वेगवान गोळी पाण्यात जेमतेम तीन फुटांच्या आत फुटून गेली. संथ गोळ्या मात्र त्याहून खोल पोहोचल्या. वेग जितका अधिक तितका पाण्याचा तडाखा मोठा, असे त्यामागचे कारण. गोळी लागताच माणूस मागे उडतो, ही चित्रपटांतील लाडकी समजूतही त्यांनी तपासली आणि खोटी ठरवली. हिशेब साधा आहे. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने सत्तर किलोच्या माणसात रुतली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला चार सेंटिमीटरच्या आसपास भरतो. गोळीने माणूस उडत असता, तर ती झाडणाराही उलट दिशेने उडाला असता.

अमेरिकेत सुमारे चाळीस टक्के प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात. तेथील प्रेक्षकाला या गोष्टी ठाऊक असणे हा केवळ ज्ञानरंजनाचा प्रश्न नाही. सायलेन्सर लावला की बार फुसकन् होतो, असे पडद्यावर दाखवतात. प्रत्यक्षात बाराचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो आणि सायलेन्सर त्यातून साधारण तीस डेसिबल कमी करतो. उरलेला आवाजही कानठळ्या बसवणाराच असतो. घरातील पातळ अंतर्गत भिंत गोळी अडवत नाही. ती पलीकडच्या खोलीत झोपलेल्या मुलापर्यंत जाऊ शकते. चांगल्या कार्यक्रमाने सांगायचे ते हे.

‘डिस्कव्हरी’ने २०११ मध्ये आणलेल्या ‘सन्स ऑफ गन्स’ व ‘अमेरिकन गन्स’ यांना मात्र अशा गोष्टींत फारसा रस नव्हता. पहिला लुईझियानातील बंदुकांच्या कारखान्यावर, दुसरा कोलोरॅडोतील दुकानावर बेतलेला. कौटुंबिक कुरबुरी, ‘काम वेळेत होणार का?’ अशी ओढूनताणून आणलेली उत्कंठा आणि शेवटी एखादा धमाका, असा ठरलेला साचा. लेथवर नळी कशी कातली जाते, घोड्याचा ताण कसा जुळवतात, हे खरे कसब काही सेकंदांत उरकले जाई. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० बालके आणि ६ कर्मचारी गोळीबारात मारले गेले. त्यानंतर ‘अमेरिकन गन्स’ परतणार नसल्याचे वाहिनीने जाहीर केले. त्याच दुकानाचा मालक २०१७ मध्ये विनापरवाना शस्त्रविक्रीच्या खटल्यात दोषी ठरला.

शिकार व नेमबाजीला वाहिलेल्या वाहिन्यांचे दुखणे निराळे. ‘आउटडोअर चॅनेल’सारख्या वाहिनीवर अनेक निर्माते प्रक्षेपणाची वेळ विकत घेतात आणि तो खर्च प्रायोजकांकडून वसूल करतात. हे प्रायोजक बहुधा बंदुका, दुर्बिणी, काडतुसे बनवणारेच. नव्या रायफलीचे ‘परीक्षण’ चालू असताना ती अडकली किंवा तिचा नेम भरकटला, असे तिथे सहसा ऐकू येत नाही, ते का, हे वेगळे सांगायला नको. मोटारींच्या कार्यक्रमात निदान गाडीला नावे ठेवण्याची पद्धत तरी आहे.

न दिसणारे दाखवण्याचा प्रश्न क्रीडा-नेमबाजीपुढेही होताच. पूर्वी अंतिम फेरीत पात्रता फेरीचे गुण जमेस धरत. त्यामुळे मोठी आघाडी असली की चुरस उरत नसे आणि घरबसल्या पाहणाऱ्याला आकडेमोड उमगत नसे. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने अंतिम फेरी शून्यापासून सुरू केली आणि तळाचा नेमबाज टप्प्याटप्प्याने बाद होऊ लागला. छोट्या पडद्याचा विचार या बदलामागे उघडच होता. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हा प्रत्येक गोळीचा दशांशापर्यंतचा गुण पडद्यावर लगोलग उमटत होता. पन्नास मीटरवरचे दहा गुणांचे ते वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. आयुष्यात कधी रायफल हाती न धरलेले लोकही त्या दुपारी पुढच्या गोळीची वाट पाहत बसले होते.