ढालीच्या मागे कोण?

परीक्षा संपली आणि लेक कॉम्प्युटरला चिकटली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ साली आलेला खेळ. ‘‘आई, माझ्या योद्ध्यासाठी कुठली वाट निवडू?’’ तिनं विचारलं. हातातली भाजी घेऊन मी शेजारी बसले.

वाटा तीन. ‘आर्म्स’ म्हणजे दोन्ही हातांनी पेलायचं एकच अवजड शस्त्र. ‘फ्युरी’ म्हणजे दोन हातांत दोन शस्त्रं आणि नुसता संताप. ‘प्रोटेक्शन’ म्हणजे ढाल घेऊन पुढे उभं राहायचं, शत्रूला आपल्याकडे ओढायचं. घाव आपल्यावर, सोबतचे सुरक्षित.

‘‘ढालच घे गं,’’ मी पटकन म्हणाले.

ती हसली. ‘‘वाटलंच! घरात तू तेच तर करतेस. पण आई, ढालवाल्याच्या मागे त्याच्या जखमा भरणारा एक जण लागतो. नाहीतर तो टिकतच नाही. तुझ्या मागे कोण असतं?’’

भाजी निवडता निवडता हात थांबला. मैत्रिणींनो, तुम्हाला तरी उत्तर सुचलं असतं का?

लेकीनं ढालच घेतली. आणि वर्षभर लपवलेलं गुडघ्याचं दुखणं त्या रात्री मी पहिल्यांदा ह्यांना सांगितलं.