ग्रहण, विळी आणि पहिला प्रश्न

दुभंगलेल्या ओठाचं बाळ घेऊन आई तपासणीला येते. सोबत सासूबाई. फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न : गरोदरपणात काही झालं होतं का? विचारणाऱ्याला ताप, औषधं, रक्तदाब एवढंच हवं असतं. आईला मात्र त्यात आरोप ऐकू येतो. ग्रहणात हिनं विळीवर भाजी चिरली म्हणून ओठ दुभंगला, असा निवाडा घरी कधीच झालेला असतो. ती मान खाली घालते, उत्तर सासूबाई देतात.

इथं 'अंधश्रद्धा' म्हणून सासूबाईंना झटकलं, तर पुढच्या वेळी त्या येत नाहीत, आणि बहुतेक सूनही येत नाही. त्यापेक्षा कागदावर चित्र काढून त्यांनाच आधी सांगावं. वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. विळीचा, ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. हे सासूबाईंना पटलं, तरच सुनेच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

आईला दोषी धरण्यात शिकलेलेही मागे नव्हते. लिओ कॅनर यांनी 1943 साली स्वमग्नतेचं वर्णन केलं. पुढं आईच्या मायेत ऊब नसल्यानं मूल असं होतं, ही समजूत तज्ज्ञांमध्येच रुजली. अशा आयांना चक्क फ्रिजची उपमा मिळाली. बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये ती समजूत खोडून काढली. ते स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. तरी 1967 साली ब्रूनो बेटलहाइम यांनी तीच समजूत पुस्तकातून घरोघर नेली. ग्रहण मानणाऱ्या आजीला हसण्याआधी हा इतिहास आठवावा.

'नात्यातलं लग्न आहे का?' हाही प्रश्न असाच. आनुवंशिक आजारांसाठी तो विचारावाच लागतो. पण मामाची मुलगी करण्याची रीत अनेक घरांत आहे, म्हणून तो कशासाठी विचारतोय ते आधी सांगावं, आणि चारचौघांत विचारू नये.

प्रश्नांसारखीच थेरपीही घराची रीत पाहून ठरवावी. घरी सगळे हातानं वरणभात कालवतात, आणि मुलाच्या थेरपीच्या उद्दिष्टांत लिहिलेलं असतं : चमच्यानं जेवणं. घास करून तोंडाशी नेणं हेही बोटांचं, मनगटाचं कौशल्यच आहे. तेच का लिहू नये? पाय ताठ होणाऱ्या बाळाचा व्यायामही वेगळी चटई अंथरून कशाला? रोज सकाळी आजी पाय पसरून बाळाला मालिश करतेच. तिच्या हातावर हात ठेवून थेरपिस्टनं पाय किती नि कसा हळू वळवायचा ते दाखवलं, की आंघोळीआधीची ती वेळ व्यायामाचीही होते.