तरतरीसाठी चहा-कॉफीच हवी का?

हातखंबा तिठ्यावर गाडी थांबली की पहिली चौकशी चहाची होते. मुंबईहून रात्रभर आलेला चालक असो, पालीवरून आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणारा टेम्पोवाला असो की रत्नागिरीला नोकरीसाठी एस.टी. धरणारा कर्मचारी असो, ‘एक कप मारला की तरतरी येते’ हे सर्वांचेच म्हणणे. आपल्या भागात कॉफीपेक्षा चहाच जास्त. पण आता छोट्या पुड्यांतून कॉफीही वाडीवाडीतील दुकानांत पोचली आहे. परीक्षेच्या दिवसांत मुले ती पितात आणि घरचे कौतुकाने करून देतात.

माझ्याकडे थकव्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी दोन प्रश्न हमखास विचारतो. दिवसाला किती कप? आणि सकाळी उठल्यावर पहिले अन्न किती वाजता? उत्तर बहुतेक ठरलेले असते. कप पाच-सहा, आणि अन्न दहा-अकराच्या पुढे. म्हणजे उठल्यापासून चार-पाच तास शरीर चहावर आणि साखरेवर चाललेले असते. मग थकवा येईल नाही तर काय?

कॅफिन नेमके काय करते?

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. ते साठले की मेंदूला ‘आता विश्रांती हवी’ हा निरोप मिळतो. चहा-कॉफीतील कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसते आणि तो निरोप पोचू देत नाही. सावकाराचा माणूस दाराशी आला आणि आपण दार लावून घेतले, तर कर्ज फिटत नाही. तसेच हे आहे. थकवा जागच्या जागी असतो, तो फक्त काही वेळ कळत नाही.

शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. काहींना याहून जास्त. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंमल रात्री अकरालाही असतो. झोप लागली तरी ती गाढ नसते. सकाळी अंग जड वाटते, म्हणून पुन्हा कप. असे हे चक्र चालू राहते.

किती चालेल? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन घेऊ नये असे म्हटले आहे. दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५, पुडीच्या कॉफीत ५० ते ६५ आणि पावडर गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते. तेव्हा निरोगी माणसाने दिवसाला दोन कप घेतले म्हणून काही बिघडत नाही. गरोदर स्त्रियांनी मात्र २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे.

खरे नुकसान कोठे होते?

पहिले नुकसान रक्ताचे. चहा-कॉफीतील टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातील लोहाला बांधून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. पालेभाजी, कडधान्ये यांतील लोहाला याचा फटका अधिक बसतो. म्हणून जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळावी असे त्याच सूचनांत सांगितले आहे. आपल्याकडे मात्र भाकरी चहात बुडवून खाण्याची पद्धत घरोघरी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. पहाटे उठून डबे करणारी, दिवसभर राबणारी बाई ‘मला चहाशिवाय उभेच राहवत नाही’ म्हणते, तेव्हा तिची पापणी उलटून पाहावी लागते. अशा एका बाईंचे हिमोग्लोबिन आठ होते. पाळीचा रक्तस्राव जास्त होताच. शिवाय सरकारी दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी त्या रोज चहाबरोबर घेत होत्या. रक्तस्रावावर उपचार झाले, गोळी लिंबूपाण्याबरोबर सुरू झाली आणि चहा जेवणापासून दूर गेला. तीन महिन्यांत आकडा दहाच्या वर गेला. आता चहा त्या दोनच वेळा घेतात, तोही आवड म्हणून.

दुसरे नुकसान साखरेचे. कपाला दोन चमचे धरले तर पाच कपांत दहा चमचे साखर जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सहा चमच्यांच्या आत राहणे बरे असे सांगते. साखरेने आलेली तरतरी टिकतही नाही. थोड्या वेळाने पुन्हा गळल्यासारखे होते. बाजारातील ‘एनर्जी ड्रिंक’च्या डब्यांत तर कॅफिन आणि साखर दोन्ही भरपूर असतात. मुलांना ते मुळीच देऊ नयेत.

पर्याय आपल्याच घरात

चहा आपला परंपरेचा आहे असे वाटते, पण तो घराघरांत पोचला तो विसाव्या शतकात. इंग्रज सरकारने १९०३ साली चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार झाला. त्याआधीही कोकणातला माणूस भात लावत होता, डोंगर चढत होता. तो सकाळी जे पीत होता ते आजही करता येते.

पेज : उकड्या तांदळाची पेज हा सकाळचा उत्तम आहार. पाणी, मीठ आणि सावकाश पचणारे पिष्ट एकदम मिळते. तांदूळ उकडताना कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरते, म्हणून पांढऱ्या सडीक तांदळापेक्षा तो सरस. सोबत भाजलेला पापड किंवा लोणच्याऐवजी मूठभर उकडलेले कडधान्य घ्यावे.

नाचणीची आंबील : रात्री दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ अर्धी वाटी ताकात भिजवावे. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण सोडावे व ढवळत सात-आठ मिनिटे शिजवावे. मीठ, जिरे, ठेचलेली लसूण घालावी. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे या एका वाडग्यातून १०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. पीठ आंबल्यामुळे त्यातील लोह व कॅल्शियम अंगी लागण्यास मदत होते. मधुमेही व्यक्तींनी आंबील पातळ घ्यावी आणि ती भाकरीच्या हिशेबात धरावी.

कुळथाचे कढण : कुळथात १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने व चांगल्या प्रमाणात लोह असते. थंडी-पावसात दुपारी चारच्या चहाऐवजी वाटीभर गरम कढण घ्यावे. कोकमाची दोन आमसुले टाकली की तोंडालाही चव येते.

कोकम आणि आवळा : उन्हाळ्यात आपल्याकडे जो थकवा येतो, तो पुष्कळदा पाणी व मीठ कमी पडल्याचा असतो. घामाने निथळलेल्या माणसाला आगळ, पाणी आणि जिरेपूड यांचे सरबत कॉफीपेक्षा लवकर उभे करते. आगळ खारवलेले असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी ते बेताने घ्यावे. बाटलीतील अमृत कोकमात साखर फार असते हेही ध्यानात ठेवावे. आवळा किंवा लिंबू जेवणाबरोबर घेतल्यास क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. म्हणजे चहा जे अडवतो ते लिंबू सोडवते.

गरम कपच हवा असेल तर

कित्येकांना हवा असतो तो कपातला गरमपणा आणि चार माणसांतला विसावा. तो सोडायचे कारण नाही. परसातील गवती चहा, आले, तुळस यांचा काढा करावा. त्यात चहापत्ती घालू नये. गवती चहात कॅफिन नसते. दुकानात ‘ग्रीन टी’ म्हणून मिळते ती मात्र चहाचीच पाने, त्यात कॅफिन असते. धणे व जिरे भाजून, भरडून दुधात उकळले की कॉफीसारखाच तांबूस कप होतो. रात्री जेवणानंतर हाच घ्यावा.

टाकळ्याच्या बिया भाजून दळल्या की कॉफीसारखा वास येतो आणि तशी कॉफी करण्याची पद्धत जुनी आहे. हिच्यात कॅफिन नसते. मात्र ती थोडी सारक असते, म्हणून एखाद्या कपापुरतीच बरी. येथे एक सावधगिरीची सूचना. टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा रानात उगवतो आणि त्याच्या बिया विषारी असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचे गूढ मृत्यू होत होते. २००७ च्या सुमारास संशोधकांनी त्यांचा संबंध कासविंद्याच्या शेंगा-बिया खाण्याशी जोडून दाखवला. टाकळ्याची पाने टोकाला गोलसर व तीन जोड्यांत असतात, कासविंद्याची टोकदार असतात. ओळख पक्की नसेल तर या वाटेला जाऊच नये.

रात्री गाडी चालवणाऱ्यांसाठी

मुंबई सोडल्यापासून हातखंब्यापर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर होतात आणि घाट-वळणे शेवटपर्यंत सुटत नाहीत. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. तीन सेकंद डुलकी लागली तर पन्नास मीटर गाडी कोणाच्याच ताब्यात नसते. उतारावर एवढे पुरेसे होते. कॉफीने डोळे उघडे राहतात, पण झोपेचे काम कॉफी करू शकत नाही. जांभया येऊ लागल्या, मागचे दोन-चार किलोमीटर कसे गेले ते आठवेना, की गाडी सुरक्षित जागी घ्यावी आणि पंधरा-वीस मिनिटे झोपावे. गणपतीला येणाऱ्या आपल्या चाकरमानी मंडळींना घरच्यांनी फोनवर ‘लवकर या’ म्हणण्याऐवजी ‘झोप घेऊन निघा’ असे सांगावे.

सवय कशी कमी करावी?

एकदम बंद करू नये. बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते आणि माणूस दुप्पट पितो. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा. प्रथम संध्याकाळचा, मग जेवणाजवळचा. सकाळी उठल्यावर आधी पेलाभर पाणी, मग पेज किंवा आंबील, आणि चहा त्यानंतर तासाभराने. साखर अर्ध्या-अर्ध्या चमच्याने उतरवावी.

इतके करूनही दोन-तीन आठवडे थकवा हटत नसेल तर घरगुती उपायांवर विसंबू नये. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षय, मनाची उदासी यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. वजन घटणे, रात्री घाम येणे, जिना चढताना धाप लागणे, पाळीत जास्त रक्त जाणे यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. तपासणी साधी आहे आणि बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरही होते.

पुढच्या वेळी ‘गळाल्यासारखे होते, जरा चहा टाक’ असे तोंडात आले, की आधी स्वतःला विचारावे : शेवटचे अन्न कधी खाल्ले, पाणी कधी प्यायलो आणि काल रात्री किती तास झोपलो? बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडते.