शून्याची राखण

फुटबॉलमध्ये आघाडीच्या खेळाडूचे कर्तृत्व त्याने केलेल्या गोलांवरून मोजता येते, गोलरक्षकाचे मात्र न झालेल्या गोलांवरून ताडावे लागते. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांची कारकीर्द याच कारणाने अभ्यासण्याजोगी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात हा खेळ पलटणींबरोबर पसरला आणि सिमल्यात १८८८ साली सुरू झालेला ड्युरँड करंडक पहिल्यांदा रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स या स्कॉटिश पलटणीने जिंकला. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मात्र हा खेळ आला तो आयरिश धर्मगुरू विल्यम लायन्स यांच्यामार्फत, शिवोलीत, १८८३ मध्ये.

१९५४ साली जन्मलेले शंखवाळकर वास्कोच्या साळगावकर संघातून दीर्घकाळ खेळले आणि गोव्याच्या संघाचेही गोलरक्षक होते. संतोष करंडक ही राज्यांच्या संघांमधील राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा असून, १९८२-८३ च्या मोसमात कोलकात्यात गोवा आणि बंगाल यांच्यातील अंतिम सामना ०-० असा बरोबरीत सुटला, तो पुन्हा खेळवला तेव्हाही तोच निकाल लागला, आणि करंडक दोघांना विभागून देण्यात आला. एकही गोल न करता विजेतेपदात वाटा मिळवणे काहींना कदाचित कोरडे वाटेल. परंतु बंगालला त्याच्याच अंगणात दोनदा रोखणे हा पराक्रमच होय. पुढच्या मोसमात मद्रासला पंजाबविरुद्ध १-० असा विजय मिळवून गोवा एकटा विजेता ठरला.

त्या काळातील गोलरक्षणाचे नियमही ध्यानात घ्यावे लागतात. गोलरक्षकाला चेंडू हाताळण्याची मुभा फक्त गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत, म्हणजे पेनल्टी क्षेत्रात असते. १९१२ पूर्वी ती स्वतःच्या संपूर्ण अर्ध्या मैदानात होती. शंखवाळकर ऐन भरात असताना सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक हातात घेऊ शकत असे, त्यामुळे बचावफळीला श्वास घेण्याची उसंत मिळे. १९९२ मध्ये त्यावर बंदी आली आणि गोलरक्षकाला पायानेही खेळणे शिकावे लागले. म्हणून जुन्या आणि नव्या गोलरक्षकांची नुसती आकड्यांनी केलेली तुलना फारशी न्याय्य ठरत नाही.

ऐंशीच्या दशकात भारताचे कर्णधारपदही भूषवलेल्या शंखवाळकरांना अर्जुन पुरस्कार १९९७ मध्ये मिळाला आणि पद्मश्री त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०२२ मध्ये.